विशेष काही नाही

दिवेलागण झाली की आप्पांचा आवाज अंगणात उभा राहायचा. कुणाच्या तरी घरी लग्न झालेलं असायचं. उसाची पाच धाटं उभी करून चौक मांडलेला, नवरा-नवरी हळदीच्या अंगानं पुढ्यात बसलेली. दिवटी पेटायची, संबळ घुमायचं, आणि गोंधळी आप्पा देवांना बोलवायला लागायचे. डोंगरावरच्या देवी, नदीकाठच्या देवी, वेशीबाहेर उन्हात बसलेले दगडी राखणदार, त्या घराचं कुलदैवत, मग पाहुणे ज्या ज्या गावांहून आले त्या त्या गावांची दैवतं. एकेकाला नाव घेऊन, वाट सांगून, हात पुढे करून बोलावणं. लहानगी अंबिका पोत्यावर बसून पेंगायची. तिला गोष्ट हवी असायची, राजाची नाहीतर राक्षसाची, आणि गोष्ट काही केल्या सुरू होत नसे.

"आप्पा, गोष्ट आधीच का नाही सांगत?" घरी परतताना तिनं एकदा विचारलं होतं.

"समदी आल्याबिगर कशी सांगायची, अंबू?" आप्पा म्हणाले होते. "कुणी वाटंत ऱ्हायलं तर त्याला काय वाटंल?"

खांद्यावर तिचं डोकं होतं, म्हणून तो आवाज तिला कानापेक्षा गालाला जास्त ऐकू आला होता.

*

अंबिकेचे कान दमले होते. पुण्यातल्या रुग्णवाहिका समन्वय कक्षात ती बरीच वर्षं काम करत होती, आणि त्यातली पहिली वर्षं नुसती ऐकण्यात गेली होती. लोक घाबरले की सुरुवातीपासून सांगतात. सासूबाईंनी सकाळी चहा घेतला, मग देवपूजा केली, मग धाकट्या जावेचा फोन आला, आणि या सगळ्याच्या तळाशी कुठंतरी सासूबाईंचा श्वास अडकलेला असायचा. अंबिका तो हातानं चाचपून वर काढायची. कधी वेळेवर सापडायचा, कधी नाही.

मग 'गाभा' आला. कानामागं चिकटवायची चिंचोक्याएवढी चकती आणि समोर पडद्यावर तीन ओळी. बोलणारा अजून धाकट्या जावेपर्यंत पोचायचा असे, आणि इकडे उमटलेलं असे: छातीत दुखते. घाम सुटला आहे. वय साठच्या पुढे. गाडी निघालेली असायची. वेल्ह्याच्या डोंगरातली एक बाळंतीण केवळ त्या तीन ओळींमुळं वाचली, हे अंबिका कधी विसरली नाही. गाभ्याला कुणी नावं ठेवली की ती त्या बाईची गोष्ट सांगायची. तीही तीन ओळींत.

पुढं गाभा सगळ्यांच्याच फोनमध्ये आला. बैठका आटोपशीर झाल्या. शाळेत बाई काय म्हणाल्या ते पालकांना तीन ओळींत कळू लागलं. भांडणंसुद्धा लवकर संपायला लागली, कारण मुद्दा काय ते दोघांनाही लगेच दिसायचं.

घरीही तो आला. एका संध्याकाळी अंबिका नवऱ्याला, श्रीधरला, दिवस सांगत बसली होती. एका पोरीनं आईसाठी फोन केला होता, पत्ता सांगता सांगता ती थांबली होती, आणि मग तिकडून नुसती कुकरची शिट्टी ऐकू येत राहिली होती. श्रीधर मान हलवत होता. टेबलावर त्याचा फोन उजळला तेव्हा अंबिकेची नजर गेली. अंबिका थकली आहे. जेवण बाहेरून मागवावे. त्यानं मागवलंही होतं. मसूर आणि ज्वारीची भाकरी आली, चांगली होती. अंबिका रागावली नाही. ती खरोखरच थकली होती, आणि श्रीधरच्या ऑफिसच्या गोष्टी ती स्वतःही तशाच ऐकत होती. फक्त त्या दिवसापासून घर पाहुणे उठून गेल्यासारखं वाटायला लागलं. पाहुणे कोण होते ते काही तिला आठवेना.

आप्पांचा निरोप दर मंगळवारी यायचा. करमाळ्याकडच्या गावात ते एकटे राहायचे, आणि देवीच्या वारी, आंघोळ झाली की, फोन समोर ठेवून दोन्ही लेकींसाठी एकच निरोप बोलून पाठवायचे. निरोप गोंधळाच्याच चालीचा. आधी गावातली माणसं एकेक करून यायची. दशरथच्या म्हशीला रेडकू झालं. शाळेपुढच्या लिंबावर पोळं बसलंय. सरूबाईच्या नातवानं दुकान टाकलंय पण गिऱ्हाईकाला सुटं देत नाही. मग वारं, मग पाणी, मग देऊळ, आणि सगळे जमले की कुठंतरी आप्पा स्वतः.

सुरुवातीला अंबिका स्वयंपाक करताना ऐकायची. मग वेग वाढवून ऐकायला लागली, तेव्हा आप्पा कुणातरी घाईतल्या पोरासारखे वाटायचे. मग तिनं गाभा लावला. आप्पांचा गुडघा दुखतो, असं पहिल्यांदा आलं. काही दिवसांनी, आप्पांना चक्कर आली होती. ती कामात होती, तिनं लिहिलं, 'ऐकलं आप्पा. काळजी घ्या.' पुढं गाभाच तेवढं लिहून दाखवू लागला, तिनं नुसतं बोट टेकवायचं. आणखी पुढं तेही नको झालं. निरोप यायचा, उत्तर जायचं, आणि पडद्यावर तिच्यासाठी एक ओळ उरायची.

विशेष काही नाही.

ती ओळ वाचली की कपाळावर ओला फडका ठेवल्यासारखं वाटायचं. दिवसभरात निदान एक माणूस असा होता, ज्याच्याकडं गाडी पाठवायची नव्हती.

*

मंजूचा फोन आला तेव्हा मागं शिलाई मशीन चालू होतं. धाकटी बहीण मंजू करमाळ्यात ब्लाउज शिवायची. बोलायची तीही शिवल्यासारखीच, एका दमात.

"ताई, गुरुवारी येतीस ना? का मी एकटीच नेऊ आप्पांना?"

अंबिकेनं कुठं म्हणून विचारलं. मशीन थांबलं.

गळ्याचं, मंजू म्हणाली. तपासणी झाली, गाठ निघाली, ऑपरेशनचं ठरत आलंय. तिला वाटलं होतं ताईला सगळं ठाऊक आहे आणि ताई नेहमीसारखी कामात आहे. आप्पा तर उन्हाळ्यापासून प्रत्येक निरोपात सांगत होते.

अंबिका म्हणाली की तिला काही कळलं नव्हतं. मंजूनं वाद घातला नाही. तिच्या फोनवर उमटलेलं तेवढं तिनं पाठवून दिलं. आप्पांचा आवाज बसला आहे, सुधारत नाही. घास अडकतो. लवकर डॉक्टरकडे न्यावे. तारीख वैशाखातली होती. अंबिकेनं तोच मंगळवार आपल्या फोनवर उघडला. तोच निरोप, तोच आवाज. खाली एक ओळ.

विशेष काही नाही.

दुसऱ्या दिवशी ती दोन्ही पडदे घेऊन तौफिककडं गेली. कक्षातली यंत्रणा तो सांभाळायचा. आपलं यंत्र एवढं चुकलं म्हणून तो ओशाळेल असं तिला वाटलं होतं. त्यानं दोन्ही ओळी वाचल्या, तिच्यासाठी चहा सांगितला आणि दार लोटून घेतलं.

"मॅडम, सगळ्यांना वाटतं हा बोलणाऱ्याचं ऐकतो," तो म्हणाला. "हा ऐकणाऱ्याला ऐकतो."

मग त्यानं समजावून सांगितलं. कुठलंही वाक्य आपल्या जागी महत्त्वाचं किंवा बिनमहत्त्वाचं नसतं. नदीला पाणी चढलंय, हे गाडीवाल्याला सांगितलं तर तो रस्ता बदलेल, पलीकडच्या शेतकऱ्याला सांगितलं तर तो मोटर काढून घेईल, पुण्यात आठव्या मजल्यावरच्या माणसाला सांगितलं तर तो हं म्हणेल. वाक्य तेच. म्हणून गाभा प्रत्येक वाक्यापाशी एकच अंदाज बांधतो: हे ऐकल्यावर हा ऐकणारा पुढं काही वेगळं करेल का? अंदाज बांधायला त्याच्याकडं त्या माणसाचं मागचं सगळं वागणं असतं. काय ऐकल्यावर उठला, कुणाला फोन केला, कुठं गेला, काय ऐकून बसून राहिला. ज्या वाक्यानं वागणं बदलण्याची शक्यता जास्त, ते वर येतं. ज्यानं काहीच हलणार नाही, ते गळतं.

"म्हणून इथं तो चुकत नाही," तौफिक म्हणाला. "इथं तुम्ही ऐकता आणि गाडी सोडता."

"आणि घरी?"

त्यानं तिच्या फोनवरची मागची नोंद चाळली. गुडघ्याचं त्यानं तुम्हाला सांगितलं होतं, तो म्हणाला. चक्करही सांगितली होती. दोन्ही वेळा बहीणबाई उठून गेल्या असणार. तुमच्याकडून नुसतं उत्तर गेलं.

अंबिकेनं विचारलं, हे दुरुस्त होईल का. तौफिक म्हणाला, पुसून टाकता येतं सगळं, कोरा करून देतो हवा तर. मग समजूत घातल्यासारखं, "पण पुन्हा शिकणार तुमच्याकडूनच, मॅडम."

तिनं चकती कानामागून काढली. त्वचेवर चिंचोक्याच्या आकाराचा फिका डाग पडला होता. तौफिकनं तो पाहिला आणि खिडकीबाहेर पाहू लागला.

*

गुरुवारी दवाखान्याच्या दारात आप्पा पांढरा सदरा घालून उभे होते, लग्नाला निघाल्यासारखे. अंबिकेला बघून त्यांनी हात वर केला. बोलले तेव्हा तिला आधी दुसरंच कुणी बोलतंय असं वाटलं. पत्र्यावरून वाळू ओढावी तसा आवाज. त्या आवाजात त्यांनी प्रवासाचं विचारलं, श्रीधरचं विचारलं, टेंभुर्णीच्या पुढं रस्ता खोदलाय तो झाला का विचारलं. मंजूनं गप्प बसायला सांगितलं तेव्हा हसले.

आप्पा रांगेत बसले तसं मंजूनं अंबिकेला बाजूला घेतलं आणि हत्तीचं सांगितलं. मागं एका मंगळवारी आप्पांनी निरोपाच्या मधेच, रेडकाच्या आणि पोळ्याच्या मधे, काल दारात हत्ती आला होता, त्याला भाकरी घातली, असं घुसवून दिलं. मंजूनं घाबरून लगेच फोन केला, आप्पांना भ्रम झाला की काय म्हणून. अंबिकेकडून नेहमीचं उत्तर आलं. ऐकलं आप्पा, काळजी घ्या.

"मग काय म्हणाले?"

"काय म्हणणार. अंबूच्या मशिनीनं हत्ती गिळला, ढेकर बी न्हाई दिला, म्हणाले. पारावर सगळ्यांना सांगून हसत होते." मंजूनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "घरी आल्यावर नव्हते हसत."

म्हणजे त्यांना माहीत होतं. आणि त्यानंतरही दर मंगळवारी निरोप आला होता, तेवढाच लांब.

डॉक्टर बिरादार तरुण होते, पण त्यांचा चेहरा दिवसभर उन्हात ठेवल्यासारखा सुकलेला होता. अंबिकेला तो ओळखीचा वाटला. तो कक्षातल्या सगळ्यांचाच चेहरा होता. त्यांनी दोन वाटा सांगितल्या. एक, स्वरयंत्र काढून टाकायचं. गाठ मुळासकट जाते, काम लवकर होतं, पण आवाज कायमचा जातो. श्वास गळ्याला पाडलेल्या भोकातून घ्यायचा, आणि बोलायला यंत्र. ते यंत्र आप्पांच्याच जुन्या निरोपांवरून त्यांचाच आवाज बनवून देईल, आताशा अगदी हुबेहूब होतो. दुसरी वाट किरणांची, सोबत औषध. ती पुण्यात घ्यावी लागेल, कित्येक आठवडे, जवळजवळ रोज. त्रास होईल, गळा आतून सोलवटेल, गिळणं जड जाईल. पण आवाज राहण्याची शक्यता चांगली आहे, आणि नाही जमलं तर पहिली वाट असतेच. दोन्हीही चालतील. तुम्ही सांगा.

आप्पांनी सांगायला सुरुवात केली. त्यांनी आधी डॉक्टरांचं गाव विचारलं आणि त्या गावच्या देवीचं नाव घेऊन हात जोडले. मग आपल्या गुरूच्या आवाजाचं बोलले, म्हातारपणीही तीन वाड्यांना ऐकू जायचा म्हणाले. मग शेजारच्या किसन तात्याचं आलं. तात्या असाच उपचाराला पुण्याला लेकीकडं राहिला होता. जागा कमी, म्हणून स्वयंपाकघरात अंथरूण. सकाळी जावयाला पाणी प्यायचं तर तात्याला ओलांडून जावं लागायचं. जावई चांगला होता, काही बोलला नाही. पण रोज ओलांडायचा. मग किसन तात्याची शेळी आली, मग यंदाची बाजरी, आणि शेवटी आप्पा म्हणाले, "कापून टाका म्हंतो. लवकर सुटतंय."

डॉक्टरांच्या टेबलावर ओळ उमटली होती. रुग्ण शस्त्रक्रियेस तयार.

डॉक्टरांनी मान हलवली आणि सहीचं बघा म्हणून बाहेर हाक मारली. त्यांच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं. मंजूच्या फोनवरही तेच उमटलं असणार, कारण मंजूनं डोळे पुसले आणि पिशवीतला चष्मा आप्पांना सहीसाठी काढून दिला.

अंबिकेच्या कानामागं काही नव्हतं. सगळं बोलणं तिच्या अंगावर आलं होतं, शेळीसकट. सवयीनं मन तीन ओळी शोधत होतं आणि त्या लागत नव्हत्या. पण एका ठिकाणी आप्पांचा खरखरीत आवाज जरा हळू झाला होता, अनवाणी माणूस खड्यांवरून जाताना होतो तसा. ओलांडायचा, या शब्दापाशी.

तिनं डॉक्टरांना म्हटलं, थोडा वेळ द्या. डॉक्टर म्हणाले, दुपारपर्यंत सांगा, मला पुढची यादी लावायचीय. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. रागावायलाही जोर लागतो.

*

दवाखान्याच्या मागं पाण्याच्या टाकीच्या सावलीत एक बाक होता. मंजू चहा आणायला गेली. आप्पा बसले, अंबिका शेजारी बसली. समोर कुणीतरी धुतलेल्या चादरी तारेवर टाकल्या होत्या आणि वारा त्यांच्यात शिरून बाहेर पडत होता.

तिला वाटलं, विचारावं सरळ. आप्पा, तुम्हाला काय हवंय? कक्षात ती हेच विचारायची, पत्ता काय, त्रास काय. पण सरळ विचारलं की आप्पा सरळ सांगतील, कापून टाका म्हणून, आणि ते पुन्हा कुणाच्या तरी पडद्यावर बरोबर उमटेल.

म्हणून तिनं ते विचारलं नाही. आप्पा बोलत राहिले. चादरींवरून त्यांना धोब्याचा घाट आठवला, घाटावरून कुणाचं तरी लग्न. मधेच खोकला आला की ते थांबायचे, बोट वर करायचे, म्हणजे अजून संपलं नाही. अंबिका ऐकत होती. ऐकणं जड होतं. शेतात कित्येक वर्षं न गेलेल्या माणसानं एकदम खुरपं धरावं तसं ते हाताला लागत होतं. तिचं बोट दोनदा आपोआप कानामागं गेलं आणि रिकामं परत आलं.

"किसन तात्या किती दिवस होते हो पुण्याला?" तिनं मधेच विचारलं.

"व्हता की," आप्पा म्हणाले. "निम्म्यातच आला निघून. करमंना म्हणला."

"जावई काही म्हणाले होते?"

"छ्या. देवमाणूस. पर रोज वलांडायचं म्हंजी…" आप्पांनी हात हलवला आणि वाक्य सोडून दिलं.

चादरी फुगल्या, पडल्या.

"श्रीधर सकाळी पाणी पीत नाही," अंबिका म्हणाली. "उठला की चहाच लागतो त्याला, तोही अंथरुणात. आणि उठतो कधी, तर बाई भांडी घासून गेल्यावर."

आप्पांनी तिच्याकडं पाहिलं नाही. पण कान तिच्याकडं केला.

"पुढची खोली रिकामीच असते," ती म्हणत राहिली. आपण कुठं निघालोय हे तिला पुरतं ठाऊक नव्हतं, तरी पाय चालत होते. "इस्त्रीचे कपडे पडलेले असतात तिथं नुसते. खिडकीतून गुलमोहोर दिसतो. खाली दोन म्हातारे बसतात, एक गुलबर्ग्याचे आहेत, दुसरे कुठले ते मी कधी विचारलंच नाही. वरच्या मजल्यावरची बाई पेटी शिकतीय, तिला येत नाही अजून. ऐकायला कुणी नसतं घरात दिवसभर. संध्याकाळीसुद्धा आम्ही दोघं असतो, पण तसं…"

तिला पुढचं सुचेना. खरंच शब्द संपले होते. इतकं सलग ती कित्येक महिन्यांत बोलली नव्हती.

मंजू कोपऱ्यावर तीन कप घेऊन येताना दिसली. अंबिकेनं मान हलवली तशी ती तिथंच थांबली, कप हातात धरून, कुणाची वाट बघत असल्यासारखी.

आप्पांनी सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं. दोनदा खाकरून गळा मोकळा केला. तो झाला नाही. मग त्यांनी ना म्हशीचं नाव घेतलं, ना देवीचं, ना कुठल्या गावचं. तिच्याकडं वळून बसले आणि त्या फाटक्या आवाजात, जपून, एकेक शब्द खाली ठेवावा तसं म्हणाले,

"अंबू, मला कापायचं न्हाई. मला बोलायचं हाय. ठिवशील का मला तुझ्याकडं?"